मोकळा तास जातो कुठे? नागपुरात कॉलेजच्या पहिल्या वर्षाची घडी बसवताना

सप्टेंबर उजाडला की पहिल्या वर्षाची मुलं एकेक करून माझ्या टेबलाशी येऊ लागतात. मागच्या वर्षी सगळ्यांत आधी आली ती नागपूर जिल्ह्यातल्या कुहीहून एसटीने अपडाऊन करणारी, बी.एस्सी.ची एक मुलगी. दप्तर खांद्यावरच ठेवून उभ्याउभ्या म्हणाली, "मॅडम, मी दिवसभर अभ्यासच करून राहिली, तरी काही होऊन नाही राहिलं." आणि डोळे भरून आले तिचे.

ती खोटं बोलत नव्हती. पहाटे पाचला उठणारी, घरी पोचल्यावर स्वयंपाकात हात लावणारी, रात्री साडेदहापर्यंत वही उघडी ठेवणारी पोर. आळस हा शब्द तिच्याबद्दल वापरणं अन्याय झाला असता. मी फिजिक्स शिकवते, आणि इतकी वर्षं पहिल्या वर्षाचे वर्ग घेतल्यावर माझं मत पक्कं झालंय: पहिल्या सेमिस्टरला मागे पडणारी बहुतेक मुलं मेहनतीत कमी नसतात. बारावीपर्यंत त्यांचा दिवस शाळा, ट्यूशन आणि आई मिळून आखून देत होते. कॉलेज फक्त तासिकांचं टाइमटेबल देतं, आणि त्यात मधेमधे भोकं असतात. त्या भोकांतून दिवस गळून जातो. ती कशी बुजवायची, त्यासाठीच हा लेख लिहितेय.

आधी कागद निपटवा

पहिल्या दोन आठवड्यांत अभ्यासाचा ताण कमी असतो, तेव्हाच कागदपत्रांचं काम संपवून टाका. आयकार्ड, लायब्ररी कार्ड, अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) आणि त्याला जोडलेलं अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं. नव्या शैक्षणिक धोरणात तुम्ही मिळवलेले क्रेडिट याच खात्यात जमा होतात, म्हणून आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का, ते आत्ताच तपासा. आडनाव आधी की नंतर, एवढ्याशा फरकावरून पुढे चकरा माराव्या लागतात.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन क्रीमीलेअर, अधिवास आणि आधारशी जोडलेलं बँक खातं, एवढं हाताशी ठेवा. दाखला गावाच्या तहसीलमधून काढायचा असेल तर पहिल्यांदा घरी जाल तेव्हाच सेतू केंद्रात अर्ज टाकून या. शेवटच्या आठवड्यात पोर्टल अडकतं, आणि नेमकी तेव्हाच पहिली इंटर्नल परीक्षा असते. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, इतरांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासारख्या वेगवेगळ्या योजना आहेत. आपण कशात बसतो, ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचारा. सिनियरने सांगितलं म्हणून सोडून देऊ नका.

एक आठवडा फक्त मोजा

आता खरं काम. दोनशे पानी वहीचं मधलं जोडपान उघडा. आडवे सात वार, उभे अर्ध्या-अर्ध्या तासाचे खण. एक आठवडा काहीही न बदलता, जे घडतंय तेच लिहायचं. दिवसातून दोनदा भरायचं, एकदा डबा खाताना आणि एकदा झोपण्याआधी. आठवड्याच्या शेवटी आठवून लिहिलं तर आपण नकळत स्वतःला झुकतं माप देतो.

एकच नियम: खणात "अभ्यास" असं लिहायचं नाही. काय केलं ते लिहायचं. "केमिस्ट्री, दुसरं युनिट, चार पानं वाचली" किंवा "जर्नलमध्ये आकृती उतरवली".

कुहीच्या त्या मुलीचा बुधवार माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. सकाळी ६:१० ची बस. ८ ते ९:५० दोन तासिका. ९:५० ते ११:३० या खणांत तिने फक्त "ऑफ" लिहिलं होतं. ११:३० ते १:३० प्रॅक्टिकल, मग डबा, २:१० ते ३ एक तासिका. ३ ते ४:२० "बसची वाट". रात्री ८ ते १०:३० मध्ये तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: ग्रुपवर आलेल्या नोट्स डाउनलोड करणं ३५ मिनिटं, मैत्रिणीच्या जर्नलवरून उतरवणं ४० मिनिटं, पुस्तक उघडून बसले पण झोप येत होती, सव्वा तास.

आम्ही दोघींनी मिळून बेरीज केली. ऑफचे १ तास ४० मिनिटं आणि बसच्या वाटेचे १ तास २० मिनिटं, म्हणजे त्या दिवशीचे ३ तास. असे दिवस आठवड्यात ४. म्हणजे १२ तास! ते तास उजेडाचे, डोकं ताजं असतानाचे होते, आणि ती अभ्यासाला बसत होती ते दमून डोळे मिटत असताना.

तुमचंही गणित मांडा. आठवड्याचे १६८ तास. झोप रोज ७ धरली तर ४९. नव्या रचनेत सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट असतात. थिअरीच्या एका क्रेडिटला सेमिस्टरभरात १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. विज्ञान शाखेत थिअरीचे १४ आणि प्रॅक्टिकलचे ८ क्रेडिट असतील, आणि सेमिस्टर पंधरा आठवड्यांचं धरलं, तर आठवड्याला कॉलेजचे ३० तास होतात. प्रवास रोज २ तास, सहा दिवस, १२. आंघोळ, जेवण, कपडे, घरकाम रोज ३, म्हणजे २१. बेरीज ११२. उरले ५६ तास. दिवसाला ८! हा आकडा पाहून मुलं माझ्याकडे अविश्वासाने बघतात, आणि मग आपल्या वहीत शोधू लागतात. शोधणं सुरू झालं की निम्मं काम झालं.

मोकळ्या तासात नक्की काय करायचं

"लायब्ररीत जाऊन अभ्यास कर" हा सल्ला मला आवडत नाही. लायब्ररीत बसूनही तास जातो. मोकळ्या तासाला ठरलेलं काम हवं आणि ते लहान हवं.

पहिली २० मिनिटं, आत्ता संपलेल्या तासिकेची. वही बंद. कोऱ्या कागदावर जे आठवतं ते स्वतःच्या शब्दांत लिहा, सूत्र असेल तर सूत्र, आकृती असेल तर आकृती. पेन जिथे अडेल तिथे फुली मारा. मग वही उघडून पडताळा. फुली तरीही सुटली नाही, तर तिचा एका ओळीचा प्रश्न करून ठेवा.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थ नसलेले अक्षरांचे तुकडे पाठ करून, किती वेळाने किती विसरतो, ते तो मोजत असे. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो, पुढे तो मंदावतो, हे त्याला दिसलं. म्हणून सकाळी दहाला शिकलेलं सकाळीच एकदा आठवून काढलं तर जे काम २० मिनिटांत होतं, त्यालाच रविवारी दोन तास लागतात. आणि आठवून काढणं हे वाचण्यापेक्षा वेगळं काम आहे. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, त्यालाच आपण "येतं" असं समजतो.

त्या मुलीने पहिल्यांदा हे केलं तेव्हा विषय होता थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम. उष्णता, आंतरिक ऊर्जा आणि कार्य यांचं नातं तिने बरोबर लिहिलं, पण कार्याच्या आधी अधिक की उणे, इथे पेन थांबलं. पुढच्या तासाला तिने विचारलं, "मॅडम, केमिस्ट्रीच्या वहीत अधिक आहे, तुमच्या वहीत उणे. बरोबर कोणतं?" दोन्ही बरोबर. फिजिक्समध्ये आपण वायूने केलेलं कार्य मोजतो, केमिस्ट्रीत वायूवर केलेलं, म्हणून चिन्ह बदलतं. दोन मिनिटांत सांगून झालं. हा घोळ दरवर्षी अर्ध्या वर्गाच्या डोक्यात परीक्षेपर्यंत तसाच राहतो, कारण मधल्या काळात कोणी वही बंद करून लिहायला बसलेलंच नसतं.

२० मिनिटं झाली की उरलेला वेळ जर्नलला. प्रॅक्टिकल झालं त्याच दिवशी रीडिंग, कॅलक्युलेशन, आलेख पूर्ण करायचं आणि पुढच्या प्रॅक्टिकलला सही घ्यायची. माझ्या स्वतःच्या पहिल्या वर्षी मी आठ प्रॅक्टिकल साठवून ठेवली होती. सबमिशनच्या आदल्या दोन रात्री जागून ती उतरवली, सही मिळाली, आणि तिसऱ्या दिवशी गणिताच्या पेपरला डोकं सुन्न होतं. त्या पेपरात मी नापास झाले. पवनीहून वडील निकाल विचारायला एसटीडी बूथवरून फोन करायचे. त्यांना काय सांगायचं, हे ठरवण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. तुमच्यापैकी कोणावर ती वेळ येऊ नये, म्हणून जर्नलचा इतका आग्रह धरते.

आणि हो, सगळे मोकळे तास भरू नका. आठवड्यात दोन तरी ऑफ तास कॅन्टीनला, मैत्रिणींना, नुसतं झाडाखाली बसायला ठेवा. फक्त ते कोणते, हे आधी ठरवा.

मराठी माध्यमातून आलात तर शब्दांची वेगळी वही

दहावी-बारावी मराठीतून करून विज्ञान किंवा इंजिनिअरिंगला आलेल्यांचा वेळ सर्वांत जास्त खातं ते इंग्रजी. तासात सर भरभर बोलतात, फळ्यावर अर्धं वाक्य, आणि एका शब्दावर अडलं की पुढची पाच मिनिटं हातातून जातात. लाजू नका. यात बुद्धीचा काही संबंध नाही.

छोटी वही घ्या, पानाचे तीन भाग करा. पहिल्या भागात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी प्रतिशब्द, तिसऱ्यात तो शब्द वापरून पुस्तकातलंच एक वाक्य जसंच्या तसं. तिसरा भाग गाळू नका, कारण परीक्षेत शब्दापेक्षा वाक्य लिहिणं जड जातं. रोज पाच शब्द पुरे. त्या आधी एक साधी गोष्ट: तासाला जाण्याआधी त्या युनिटचे मथळे आणि ठळक शब्द दहा मिनिटं नजरेखालून घाला. कानाला शब्द ओळखीचा असला की तो अडत नाही. कला-वाणिज्यच्या मुलांनी आपल्या विषयाचा पेपर मराठीत लिहिता येतो का, हे पहिल्याच महिन्यात विभागप्रमुखांना विचारावं, म्हणजे नोट्स कोणत्या भाषेत काढायच्या ते ठरेल.

सेमिस्टर उलटं मोजा

आपल्या विद्यापीठात हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन परीक्षा. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा आणि हिवाळी परीक्षेच्या अंदाजे तारखेपासून मागे या. दिवाळीची सुट्टी खोडा. दसरा खोडा, त्या दिवसांत दीक्षाभूमीकडे देशभरातून लोक येतात, रूम त्या बाजूला असेल तर रस्त्यांचे बदल पाहून निघावं लागतं. पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, मग गणपती. हे सण जगायचेच. पिवळी मारबत पाहायला महालात जा, घरी पोळ्याला जा, पण ते दिवस कॅलेंडरवर आधीच रंगवून ठेवा. पहिल्या वर्षाचे प्रवेश लांबले की वर्ग उशिरा भरतात आणि पंधरा आठवड्यांचं सेमिस्टर हातात अकरा-बारा आठवडे उरतं. प्रत्येक युनिटसमोर तारीख टाका आणि दर पाच आठवड्यांनी एक आठवडा कोरा सोडा. ताप येतो, घरी कोणाचं लग्न निघतं, त्यासाठी. परीक्षा डिसेंबरात गेली तर विधिमंडळाच्या अधिवेशनाचे दिवसही लक्षात घ्या. मोर्च्यांमुळे सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्सच्या बाजूचे रस्ते बंद होतात, सेंटरला तासभर आधी निघा.

दुसऱ्या सेमिस्टरचं गणित मात्र वेगळं, आणि बाहेरून आलेल्या मुलांना ते कोणी सांगत नाही. मार्चच्या मध्यापासून नागपूरची दुपार हातची जाते. एप्रिलअखेर आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, वरच्या मजल्याची खोली रात्री दहापर्यंत भट्टीसारखी असते. जुलैत बसवलेलं "दुपारी तीन ते सहा" हे वेळापत्रक तेव्हा चालत नाही, आणि मुलं समजतात आपलंच मन उडालंय. फेब्रुवारीतच झोप एक तास अलीकडे आणा. दहाला झोप, पाचला उठणं. सकाळी साडेपाच ते साडेआठ हे तीन तास उन्हाळी परीक्षेचे सोन्याचे तास आहेत. दुपारी अभ्यासिकेत कूलर असेल तर तिथे लिहिण्याची कामं करा, पाठांतर सकाळी.

रूम, मेस, झोप

रूम बघताना भाड्यातल्या पाचशे रुपयांच्या फरकापेक्षा अंतर मोजा. रोज ४० मिनिटं वाचली तर सहा दिवसांचे ४ तास होतात. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका, खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर, सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. लोकमान्य नगरच्या मार्गिकेवर शंकर नगर, एलएडी चौक, धरमपेठ कॉलेज अशी स्टेशनंच आहेत. हिंगणा रोडच्या कॉलेजात शिकत असाल तर या मार्गावर कुठेही राहून चालतं. मेट्रोत बसून शब्दांची वही वाचता येते, गच्च भरलेल्या ऑटोत येत नाही. घरमालकाला दोन प्रश्न आधीच विचारा: कूलरच्या विजेचे वेगळे किती, आणि उन्हाळ्यात पाणी किती वेळ असतं.

मेस महिन्याची लावण्याआधी दोन-तीन वेळा जेवून पाहा. रविवारी रात्री बहुतेक मेस बंद असतात, त्या रात्रीची सोय ठेवा. कपडे बुधवारी आणि रविवारी, ठरलेले. सकाळचे तर्री पोहे खुशाल खा, पण रोज तेवढ्यावर प्रॅक्टिकलला उभं राहू नका.

मोबाइलबद्दल एवढंच सांगते. वर्गाचा ग्रुप म्यूट करून दिवसातून तीनदा बघा, आणि नोटीस बोर्ड स्वतः जाऊन वाचा. परीक्षा फॉर्मची तारीख ग्रुपवर चुकीची फिरल्याचं मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलंय.

मन लागत नाही तेव्हा

गडचिरोली, गोंदिया, यवतमाळकडून आलेल्या मुलांना पहिल्या महिन्यात घराची आठवण पोट पिळवटून काढते. दर शनिवारी गावाला धावलात तर इथे कोणी आपलं होत नाही. अजिबात न जाणंही चुकीचं. पहिल्या सेमिस्टरला दर तीन आठवड्यांनी एकदा, असं ठरवा आणि घरच्यांनाही सांगा. आईशी फोन रोज, पण ठरलेल्या वेळी, जेवणानंतर. एक खेळ किंवा एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) सारखं एक काम धरा. तिथे झालेली ओळख टिकते.

कोणी सिनियर त्रास देत असेल, तर "सहन कर, सगळ्यांनीच केलंय" हे ऐकू नका. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, प्रत्येक कॉलेजात समिती असणं बंधनकारक आहे, आणि १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते. झोप उडाली, जेवण तुटलं, जगणंच नको वाटू लागलं, तर १४४१६ वर टेलिमानसला फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि जवळच्या एका शिक्षकाला सांगा. कोणीतरी येऊन सांगावं, याची आम्ही खरोखर वाट बघत असतो.

पहिल्या इंटर्नलचा पेपर हातात आल्यावर

बारावीला ८५ टक्के मिळवलेल्याला इथे २० पैकी ७ मिळतात. पेपर दप्तराच्या तळाशी जातो. तो बाहेर काढा. गेलेल्या प्रत्येक गुणासमोर तीनपैकी एक लिहा: वाचलंच नव्हतं, वाचलं होतं पण आठवलं नाही, आठवलं पण वेळ पुरला नाही. तिन्हींवर उपाय वेगळे. पहिल्यासाठी कॅलेंडर, दुसऱ्यासाठी त्या २० मिनिटांचा कोरा कागद, तिसऱ्यासाठी दर रविवारी घड्याळ लावून एक जुना प्रश्न. मग तो पेपर घेऊन शिक्षकांकडे जा आणि "मार्क वाढवा" ऐवजी "या उत्तरात काय हवं होतं" असं विचारा.

कुहीची ती मुलगी आता दुसऱ्या सेमिस्टरला आहे. टाइमटेबल बदललं, तिचा बुधवारचा ऑफ तास गेला आणि मंगळवारी दुपारी दोन तासांचं नवं भोक पडलं. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी ती पुन्हा जोडपान आखून घेऊन आली होती. या वेळी "ऑफ" शब्द कुठेच नव्हता, मंगळवारच्या खणात लिहिलं होतं, "२ ते २:२० कोरा कागद, मग जर्नल, ३:३० नंतर कॅन्टीन." तुमचंही टाइमटेबल जानेवारीत बदलेल. त्याच आठवड्यात वही काढा आणि नव्याने मोजा.